ना स्क्रू, ना सांधा; मग लग्नातली प्लास्टिकची खुर्ची वजन पेलते कशी?

लग्नाचा मांडव असो की गल्लीतला गणपती, प्लास्टिकची खुर्ची हमखास असतेच. तिला ना स्क्रू, ना सांधा. जाडी पाहाल तर जेमतेम काही मिलिमीटर. तरी धडधाकट माणूस तिच्यावर बिनधास्त बसतो. हे जमतं कसं?

या एकसंध खुर्चीला 'मोनोब्लॉक' म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळवून पोलादी साच्यात जोराच्या दाबाने भरतात. प्लास्टिक थंड झालं की साचा उघडतो आणि आख्खी खुर्ची बाहेर येते. फ्रान्सच्या ऑन्री मासोने यांनी १९७२ मध्ये आणलेली अशी खुर्ची दोन मिनिटांच्या आत तयार व्हायची.

त्यामुळे डिझायनरचा पहिला प्रश्न 'दिसेल कशी' हा नसतो, 'साच्यातून निघेल कशी' हा असतो. भिंती अगदी सरळ ठेवल्या तर वस्तू साच्याला घासते, अडकते. म्हणून पाय आणि कडांना थोडा उतार देतात. याच उतारामुळे खुर्च्या एकात एक बसतात.

आता तुम्ही म्हणाल, मजबुतीसाठी सरळ जाडीच का वाढवत नाहीत? कारण जाड भाग उशिरा थंड होतो, आकसतो आणि तिथे खड्डा पडतो. शिवाय वेळ आणि खर्चही वाढतो. त्यावर उपाय म्हणजे आकार. सपाट कागद हातात धरला तर लवतो, तोच मधोमध दुमडला तर ताठ राहतो. खुर्चीचे पाय म्हणूनच आतून पोकळ आणि वळलेले असतात. कोपरेही गोल ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तडा तिथूनच जातो.

साचा महाग असतो, त्यामुळे चूक परवडत नाही. साच्याचं पोलाद आणखी कोरणं सोपं, पण कोरलेलं परत भरणं अवघड. म्हणून जिथे शंका असेल तिथे अनुभवी डिझायनर आधी प्लास्टिक थोडं कमीच ठेवतात. नमुना कमजोर निघाला तर तेवढीच जागा कोरून जाडी वाढवता येते.

डिझाइन कितीही चांगलं असलं तरी वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. त्यामुळे आजीआजोबांना खुर्ची देण्याआधी पाय जिथे बैठकीला मिळतात तिथे एकदा पाहा. पांढरट चरे किंवा तडा दिसला तर ती खुर्ची बाजूला ठेवलेलीच बरी.