नुसतं ‘अप्रूव्ह्ड’ पाहू नका!

कॅप राऊंड सुरू झाले की हॉस्टेलवरच्या प्रत्येकाला घरून फोन येतात, “अमक्याच्या मुलीने कुठलं कॉलेज टाकावं रे?” आपणही बिनधास्त सांगतो, प्लेसमेंट बघा, कॅम्पस बघा, मेस बघा! अॅक्रेडिटेशनचं नाव मात्र सहसा कोणी काढत नाही.

मित्रांनो, इथे तीन नावांचा घोळ होतो. एआयसीटीई कॉलेज चालवायची मान्यता देते. नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यमापन करते. एनबीए मात्र एकेका ब्रँचची तपासणी करते. म्हणजे एकाच कॉलेजात मेकॅनिकलला एनबीए असेल आणि शेजारच्या सिव्हिलला नसेलही! म्हणून ‘आमचं कॉलेज एनबीए आहे’ या वाक्याला तसा अर्थ नाही. शिवाय हा शिक्का कायमचा नसतो, ठरावीक वर्षांनी मुदत संपते. एनबीएच्या वेबसाईटवर ब्रँच आणि मुदत दोन्ही पाहता येतात.

पण याने फरक काय पडतो? २०१८ साली कुवेतमध्ये परवान्याच्या नूतनीकरणासाठी इंजिनिअर्स सोसायटीचा दाखला सक्तीचा झाला आणि त्यासाठी एनबीए बघितलं जाऊ लागलं. तिथे वर्षानुवर्षे काम केलेले कित्येक भारतीय इंजिनिअर अडचणीत आले. हातात डिग्री होती, अनुभव होता, पण कॉलेज यादीत नव्हतं!

१३ जून २०१४ रोजी भारत वॉशिंग्टन अॅकॉर्डचा कायम सदस्य झाला. त्यामुळे आपली पदवी इतर सदस्य देशांत समकक्ष धरली जाऊ शकते. पण यातही एक मेख आहे. हा फायदा टिअर वन ब्रँचना, म्हणजे स्वायत्त कॉलेजं व विद्यापीठांच्या विभागांना मिळतो. तोही मुदतीत पास झालेल्यांनाच!

अर्थात एनबीए नाही म्हणजे ब्रँच टाकाऊ, असंही नाही. निदान दोन बॅच बाहेर पडल्याशिवाय अर्जच करता येत नाही, त्यामुळे नव्या ब्रँचकडे ते नसणारच. अशा वेळी शिक्षक किती, लॅब कशा, हे स्वतः जाऊन पाहावं. आणि शिक्का असला म्हणजे नोकरी पक्की, असंही समजू नये.

आता थोडं आपल्याबद्दल. टीम येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, फायलींचे गठ्ठे तयार होतात. पण टीम विद्यार्थ्यांशीही बोलते बरं का! तेव्हा पाठ केलेली उत्तरं देण्यापेक्षा लॅबमध्ये काय चालतं आणि काय बंद आहे ते खरं सांगावं. त्यात कॉलेजची बदनामी नाही. उलट बंद पडलेलं मशीन दुरुस्त झालं, तर फायदा आपल्या ज्युनिअर्सचाच ना!