खोलीची दुसरी चावी

आपल्या घरात चावी एकाच माणसाच्या कंबरेला कधी राहिली आहे का? बाप तिसऱ्या पाळीला, आई धुण्याभांड्याच्या कामावर, पोर दुपारी शाळेतून येणार. मग चावी शेजारच्या काकूंकडे. काकू घरी नसल्या तर मीटरच्या पेटीवर. गावाकडून भाचा परीक्षेला आला की नाक्यावरच्या चावीवाल्याकडून आणखी एक करून घ्यायची. दहा मिनिटांचे काम! आणि या दहा मिनिटांच्या कामावरून उरण, पनवेल, अलिबाग, थळ या पट्ट्यात भाडेकरू आणि घरमालकाची बोलाचाल बंद होते, डिपॉझिट अडकते, आणि भर पावसाळ्यात सामान ओट्यावर येते.

मालक म्हणतो, "खोली मी तुम्हाला दिली, तुमच्या सगळ्या गावाला नाही." भाडेकरू म्हणतो, "भाडे वेळेवर देतो ना? मग माझ्याकडे कोण येते-जाते ते विचारणारे तुम्ही कोण?" दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. म्हणूनच भांडण मिटत नाही.

हा मालक कोण असतो, ते आधी पाहू. आपल्या डोळ्यांसमोर सोन्याची साखळी घातलेला शेठ येतो. पण रायगडच्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा तसे नसते. १९७० च्या सुमारास सिडको आली, पुढे न्हावा-शेव्याचे बंदर आले (ते १९८९ मध्ये सुरू झाले), थळला खताचा कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याची जमीन गेली. मिळालेला पैसा आला तसा गेला. काहींनी मात्र परसात चार खोल्या बांधल्या. आज त्या चार खोल्यांवर तो घर चालवतो. आणि आपल्यातही बंदरातून, कारखान्यातून निवृत्त झालेल्या कित्येकांनी फंडाच्या पैशातून वर एक मजला चढवला आहे. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांत भाडेकरू आहेत तसे मालकही आहेत. दोघांनीही शेवटपर्यंत वाचावा.

मालकाला भीती कसली? पहिली भीती जुनी आहे, बापाकडून मुलाकडे आलेली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांच्याकडे चालू परवान्याने जागा होती ते कायद्याने भाडेकरू ठरले. त्या तारखेआधीच्या कित्येक पोटभाडेकरूंनाही संरक्षण मिळाले. गरिबाला छप्पर मिळाले, हे चांगलेच झाले. पण मालकवर्गाच्या मनात एक गोष्ट कायमची बसली : आज चावी घेऊन बसलेला उपरा उद्या मालक होतो. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. नोंदवलेल्या मुदतीच्या करारावर राहणारा माणूस आता तसा कायमचा भाडेकरू होत नाही. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे त्याला दुप्पट भाडे मोजावे लागते. कायदा बदलला, पण भीती काही गेली नाही.

दुसरी भीती पोलिसांची, आणि आपल्या किनाऱ्यावर तिला कारण आहे. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरवली गेली, आणि १२ मार्चला मुंबई हादरली. पुढे २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोरही समुद्रातूनच आले. तेव्हापासून किनाऱ्यावर 'खोलीत कोण राहते' हा प्रश्न पोलीस मालकालाच विचारतात. भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याचा आदेश असताना ती दिली नाही तर गुन्हा मालकावर दाखल होतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली होतो. उरण-पनवेलला हे काम नवी मुंबई पोलिसांकडे, अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनला रायगड पोलिसांकडे. फॉर्मवर तुमचे नाव आणि खोलीत झोपलेला तिसराच, मग मालकाने घाबरू नये तर काय करावे?

तिसरे कारण साधे आहे. पाणी. बोअरवेल एक, टाकी एक, आणि चारच्या जागी आठ माणसे आंघोळ करणार. बरीच भांडणे खरे तर इथून सुरू होतात, चावी नंतर येते.

आता आपली बाजू. चावी वाटून घेण्याची सवय आपल्याला हौसेने लागलेली नाही. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या आपल्या आजोबांनी गावाच्या नावाने एकेक खोली धरली होती. एका खोलीत वीस-वीस माणसे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा होई. त्या खोलीची चावी कोणा एकाची नव्हतीच, ती गावाची होती. गावातून नवा पोरगा एस.टी.तून उतरला की त्याला त्या खोलीचा पत्ता पाठ असे. आजही २० मार्चला महाडला जाताना, ६ डिसेंबरला दादरला जाताना पाहुण्यांचा मुक्काम वाटेवरच्या पनवेलच्या खोलीत पडतोच. त्यांना नको म्हणणारी वहिनी मी अजून पाहिलेली नाही.

शिवाय आपल्याला घर मिळणे कधीच सोपे नव्हते. बाबासाहेब १९१७ साली बडोद्यात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. म्हणून ज्याच्या हाती खोलीची चावी आली तो ती चार जणांना देतो. आपल्याला मिळाली, दुसऱ्याला मिळेल न मिळेल.

पण वाचकहो, एक फरक करायला शिकले पाहिजे. भाच्याला परीक्षेपुरते ठेवणे वेगळे आणि खोली दुसऱ्याला देऊन आपण निघून जाणे वेगळे. नागाव, किहीम, वरसोलीच्या बाजूला अलीकडे एक नवीन प्रकार ऐकू येतो. शनिवार-रविवारी मुंबईचे पर्यटक येतात. भाडेकरू खोलीची चावी त्यांना देतो, दोन दिवसांचे पैसे घेतो आणि बायकापोरांसह बहिणीकडे झोपायला जातो. इथे मालक चिडला तर त्याला दोष देता येणार नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे करारात परवानगी नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्याने देता येत नाही, आणि कलम १६ प्रमाणे तेवढ्या कारणावरून न्यायालय जागा खाली करून देऊ शकते.

मग पोटभाडेकरू ठेवला हे ठरवायचे कसे? १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दुकानाच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. जागेत भाडेकरूशिवाय दुसरा माणूस बसलेला दिसला, एवढ्यावरून पोटभाडे सिद्ध होत नाही. जागेवरचा ताबा भाडेकरूने आपल्याकडे ठेवला आहे का, ते पाहायचे. म्हणजे दुसरी चावी कोणाच्या हातात आहे यापेक्षा पहिली चावी अजून तुमच्याकडे आहे का, तुमची भांडी, कपडे, अंथरूण तिथे आहे का, याला महत्त्व. मात्र हे झाले भाडेकरूचे. आज आपल्यातले बहुतेक लोक ज्या अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहतात, त्यात हक्क फार थोडे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे असा परवाना साधारणपणे दुसऱ्याला देता येत नाही. तो तुमच्यापुरता आणि करारात लिहिलेल्या माणसांपुरता. त्यामुळे करारात काय लिहिले आहे, त्यावर सारे अवलंबून.

आणि करार तर कित्येकांकडे नसतोच! 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही' असे एजंट छातीठोकपणे सांगतो. ते खोटे आहे. कलम ५५ प्रमाणे महाराष्ट्रात प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० रुपये, नगरपालिका-महापालिका हद्दीत १,०००. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटचे गृहीत व्याजही धरतात. अंगठा घरबसल्या होतो. एवढ्या पैशात वर्षाची झोप विकत मिळते.

मी स्वतः अलिबागला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खोलीत राहत होतो. मेहुण्याला चावी दिली, मेहुण्याने त्याच्या मित्राला दिली. मित्र नळ चालू ठेवून बाहेर गेला. वरची टाकी रिकामी, खालच्या खोलीत पाणी, आणि मालकीणबाई दारात उभ्या. मी गावी. परत आलो तेव्हा वाटले, सामान बाहेरच असेल. त्यांनी मला ओट्यावर बसवले, चहा दिला आणि विचारले, "भाऊ, या खोलीच्या चाव्या किती झाल्या?" मला सांगता आले नाही. खरेच आले नाही. त्यांनी एक जुनी वही काढली. माझ्या नावापुढे 'चाव्या २' असे लिहिले होते. त्या म्हणाल्या, "तिसरी हवी तर मागा, मी देते. पण कोणाकडे आहे ते मला माहीत पाहिजे. उद्या खोलीत काही झाले तर मी कोणाला हाका मारू?" त्यांच्यावर रागवायला मला जागाच उरली नाही. कुलूप मी माझ्या खर्चाने बदलले.

इथे कुलपाबद्दल थोडे. जुन्या चाळीत कडी मालकाची आणि कुलूप भाडेकरूचे असे. मालकाकडे चावी नसायचीच. उलवे, द्रोणागिरीच्या नव्या इमारतींत लॅच आले. लॅच मालकाचे, त्यामुळे एक चावी तो स्वतःकडे ठेवतो. इथून दुसऱ्या बाजूचा त्रास सुरू होतो. बाई घरात एकटी, आणि मालक 'नळ बघायला आलो' म्हणून आपल्या चावीने दार उघडतो. हे चालणार नाही. कलम २८ प्रमाणे मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊनच. मालकाकडे चावी राहणार असेल तर आग किंवा पाणी फुटणे सोडून ती वापरायची नाही, असे करारात लिहून घ्यावे.

भांडण पेटल्यावर काही मालक लाईट तोडतात, पाणी बंद करतात. कलम २९ खाली तो गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भाडेकरू गावी गेल्यावर कुलूप बदलणे हाही मार्ग नाही. कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाहेर काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात ताबा परत मागता येतो. पण त्यासाठी तुम्ही तिथे राहत होता याचा कागद हवा. म्हणून दर महिन्याची पावती घ्या. पावती देणे मालकावर कलम ३१ प्रमाणे बंधनकारक आहे, त्यात उपकार नाही.

एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. काही ठिकाणी चावी हे नुसते निमित्त असते. सहा महिने पाहुणे येत होते तेव्हा अडचण नव्हती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागली, आडनाव कळले, आणि मग 'तुमच्याकडे फार लोक येतात' सुरू झाले. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कुठल्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. अशा वेळी शेजारच्या भाडेकरूंना तोच नियम लावला होता का, ते नोंदवून ठेवा, आणि मालक काय बोलला ते तारखेसह लिहा. मात्र प्रत्येक मालकाच्या प्रत्येक प्रश्नाला हे कारण चिकटवू नका. आणि आपल्यातल्या मालकांनीही छातीवर हात ठेवून सांगावे, कातकरी कुटुंब किंवा उत्तरेकडचा मजूर खोली मागायला आला तर आपण कोणते प्रश्न विचारतो?

नवीन खोली घेणाऱ्यांनी करारातच कुटुंबातल्या सगळ्यांची नावे घालावीत. शिकायला येणाऱ्या पुतण्याचे नाव तो यायच्या आधी मालकाला कळवावे, त्याच्या आधार कार्डाची प्रत द्यावी, पोलिसांच्या फॉर्मवर भर घालायला सांगावी. मोबाईलवरचा दोन ओळींचा निरोपही पुढे उपयोगी पडतो. पाहुणे किती दिवस चालतील तेही आधीच बोलून घ्यावे. शेजारच्या काकूंकडे चावी ठेवता, हे सांगायला लाजू नये. बहुतेक मालक त्याला नाही म्हणत नाहीत. खोली सोडताना सगळ्या चाव्या, नाक्यावर केलेल्यासुद्धा, मालकाच्या हातात मोजून द्याव्यात आणि कागदावर सही घ्यावी. डिपॉझिटाचे पैसे त्याच वेळी मागावेत, 'नंतर या' वर जाऊ नये.

मी अलिबागची ती खोली सोडली तेव्हा मालकीणबाईंनी वही काढली, दोन चाव्या मोजल्या आणि माझ्या नावावर रेघ मारली. डिपॉझिटातून त्यांनी खालच्या खोलीच्या रंगाचे पैसे कापले होते. ते बरोबरच होते.