विश्लेषण : मुंबई, पुणे की लोणेरे? इंजिनीअरिंगला ‘विद्यापीठ’ नेमके कुठे आडवे येते?

सीईटीचा निकाल लागला की राज्यभरातल्या घरांत एकच चर्चा सुरू होते. मुंबई विद्यापीठ भारी की पुणे? एक काका सांगतात, कंपन्या पुण्यात येतात. आत्याचा मुलगा सांगतो, मुंबईच्या पदवीला वजन आहे. तेवढ्यात क्लासवाले सर तिसरेच नाव काढतात, लोणेरे. पेपर सोपे जातात म्हणे. पर्याय अर्ज भरायला मोजकेच दिवस असतात आणि त्यातले निम्मे या वादात जातात. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या नावाचा जिथे खरोखर फरक पडतो, त्या जागांची चर्चा मात्र फारशी होत नाही. त्या जागा कोणत्या, ते पाहू.

‘होम युनिव्हर्सिटी’ कोण ठरवते?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत राज्य विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रांना मोठे महत्त्व आहे. सर्वसाधारण संलग्न महाविद्यालयातल्या राज्याच्या वाट्याच्या जागा 70 आणि 30 टक्के अशा विभागल्या जातात. 70 टक्के त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे ‘होम’. उरलेल्या 30 टक्के बाहेरच्यांसाठी.

हद्द कशी मोजायची? पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे. मुंबईकडे मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा. लातूर नांदेडच्या विद्यापीठात, बीड छत्रपती संभाजीनगरच्या, तर नंदुरबार जळगावच्या. सोलापूर विद्यापीठाची हद्द एका जिल्ह्याएवढीच.

इथे बहुतेक पालकांची गल्लत होते. आधार कार्डावरचा पत्ता, अधिवास प्रमाणपत्र, गावचा सातबारा यांवरून होम विद्यापीठ ठरत नाही. राज्यातूनच दहावी-बारावी झालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत बारावी कोणत्या जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयातून झाली, ते पाहिले जाते. जन्म जळगावचा, दहावी जळगावची, पण बारावी पुण्यातून केली तर होम विद्यापीठ पुणे. आणि याच मुलाला आता जळगावातल्या महाविद्यालयात प्रवेश हवा असेल, तर तो तिथे ‘बाहेरचा’.

म्हणजे विद्यापीठाची निवड सीईटीनंतर होत नाही. ती दहावीनंतर, अकरावीचा अर्ज भरतानाच बरीचशी होऊन गेलेली असते आणि त्या वेळी घरात कुणाच्या हे गावीही नसते. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यात अर्ज करणे सोपे झाले आहे. ही सोय वापरताना दोन वर्षांनंतरचा हा परिणाम लक्षात घ्यायला हवा. ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीने शिकणाऱ्यांनी तर जास्तच. मुलगा दोन वर्षे पुण्यात क्लास करतो, खोली पुण्यात, मेस पुण्यात. पण नाव लातूरच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असेल, तर नियमाच्या लेखी तो नांदेड विद्यापीठाचाच.

याने किती फरक पडतो?

समजा एका शाखेत या वाटपासाठी 60 जागा आहेत. होमसाठी 42, बाहेरच्यांसाठी 18. आता या 18 जागांवर सामाजिक आरक्षण लागते. खुल्या प्रवर्गाच्या वाट्याला सातच्या आसपास उरतात. त्यातही 30 टक्के मुलींसाठी. म्हणजे अमरावती, नांदेड, कोल्हापूर, नागपूर, मुंबई अशा सगळीकडून पुण्याच्या एखाद्या नावाजलेल्या महाविद्यालयात कॉम्प्युटर मागणारी खुल्या प्रवर्गातली मुले या चार-पाच जागांसाठी भांडतात. साहजिकच मागणी असलेल्या शहरांत बाहेरच्यांचा कटऑफ होमपेक्षा वर जातो. मागणी कमी असलेल्या भागांत चित्र उलटेही दिसते.

कटऑफच्या याद्या वाचतानाही चूक इथेच होते. यादीत ‘जीओपनएच’, ‘जीओपनओ’, ‘जीओपनएस’ असे सांकेतिक शब्द असतात. सुरुवातीचा ‘जी’ सर्वसाधारण जागांसाठी, ‘एल’ असेल तर मुलींसाठीच्या. मधला भाग प्रवर्गाचा. आणि शेवटचे अक्षर सगळ्यात महत्त्वाचे : ‘एच’ म्हणजे होम, ‘ओ’ म्हणजे होमबाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘पुण्यातील टॉप 20 कॉलेजांचे कटऑफ’ छापाच्या चित्रांत हे शेवटचे अक्षर बहुधा गाळलेले असते. सांगलीची मुलगी त्यातला ‘एच’चा आकडा बघून आशा लावते आणि तिची यादी असते ‘ओ’ची. प्रवेशाच्या काळात फुकट मिळणाऱ्या माहितीपैकी ही सर्वात महाग पडणारी.

व्हीजेटीआय आणि सीओईपीचे काय?

इथे होम-परहोमचा प्रश्नच येत नाही. या संस्थांच्या जागा राज्यस्तरीय आहेत. गडचिरोलीचा विद्यार्थी आणि दादरचा विद्यार्थी एकाच यादीत.

पण एक फरक ठाऊक असावा. 1887 मध्ये सुरू झालेली व्हीजेटीआय स्वायत्त असली तरी मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहिली. पुण्याचे सीओईपी 1854 चे. 2022 मध्ये ते स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी त्याचा आता पदवीपुरताही संबंध नाही. माटुंग्याचे आयसीटी, म्हणजे जुन्या लोकांचे यूडीसीटी, 2008 पासून अभिमत दर्जाचे विद्यापीठ आहे. तेव्हा ‘मला पुणे विद्यापीठच हवे, सीओईपी मिळाले तर उत्तम’ हे वाक्य आता अर्थाने जुळत नाही.

मग मुंबई आणि पुणे यांत फरक उरतो कुठे?

परीक्षेत. बहुतेक वाद कंपन्यांवर होतात, पण विद्यार्थ्याचे चार वर्षांचे रोजचे जगणे ठरते ते परीक्षा पद्धतीवर.

2019 मध्ये आलेल्या अभ्यासक्रमांचे उदाहरण घेऊ. पुणे विद्यापीठात थिअरीचा पेपर 30 अधिक 70 गुणांचा. यातले 30 गुण सत्राच्या मध्यावर होणाऱ्या ‘इन-सेम’चे, आणि तीही विद्यापीठाची लेखी परीक्षा. मुंबईत 20 अधिक 80. हे 20 महाविद्यालयातल्या चाचण्यांचे, 80 विद्यापीठाच्या पेपरचे. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात 20 गुणांचे सातत्यपूर्ण मूल्यमापन, 20 ची सत्रमध्य परीक्षा आणि शेवटी 60 चा पेपर.

आकडे कोरडे वाटतात, पण त्यांचे परिणाम तसे नाहीत. मुंबईत 80 गुण एका दुपारी ठरतात. शेवटच्या महिन्यात झपाटून अभ्यास करणाऱ्याला ते मानवते, आणि त्या दिवशी ताप आला तर काहीच हाती राहत नाही. पुण्यात वर्ग सुरू होऊन बूड टेकते न टेकते तोच पहिली विद्यापीठ परीक्षा दारात. तीत गुण बांधून घेतले की सत्राच्या शेवटी जीव भांड्यात पडतो. लोणेरेत अंतर्गत गुणांचा वाटा जास्त, त्यामुळे महाविद्यालय कसे आहे यावर बरेच अवलंबून. चांगले प्राध्यापक असतील तर सततचा अभ्यास होतो. नसतील तर गुण मिळतात, विषय मात्र येत नाही, आणि ते मुलाखतीत कळते. ‘लोणेरे सोपे’ या ऐकीव मतामागे हे एवढेच आहे. सोपे-अवघड विद्यापीठ नसते, महाविद्यालय असते.

2024-25 पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवे अभ्यासक्रम लागू होऊ लागले आहेत. त्यामुळे शेवटच्या वर्षातल्या सीनियरचा अनुभव आणि त्याच्या नोट्स जपूनच घ्याव्यात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पहिल्या वर्षाची गुणविभागणी असते. पंधरा मिनिटे काढून ती वाचणे सीनियरला दहा फोन करण्यापेक्षा बरे.

(भाषा तेवढी बदललेली नाही. नापास विषयाला मुंबईत ‘केटी लागली’ म्हणतात, पुण्यात ‘बॅक राहिला’. दुःख सारखेच.)

एकाच गावात दोन विद्यापीठे कशी?

लोणेरेचे विद्यापीठ 1989 च्या कायद्याने आले, पण बरीच वर्षे ते रायगड जिल्ह्यातल्या एका परिसरापुरते होते. 2017-18 पासून त्याने राज्यभरातल्या महाविद्यालयांना संलग्नता द्यायला सुरुवात केली. काही महाविद्यालये आपले जुने विद्यापीठ सोडून तिकडे गेली, काही राहिली. त्यामुळे आज एकाच शहरात, कधी एकाच रस्त्यावर, दोन विद्यापीठांचे अभ्यासक्रम शिकवले जातात. महाविद्यालयाच्या नावाच्या पाटीवर गावाचे नाव वाचून विद्यापीठ गृहीत धरू नये. संलग्नता कुणाची आणि जागांचे वाटप होम पद्धतीचे की राज्यस्तरीय, हे त्या वर्षीच्या जागांच्या तक्त्यातच पाहायचे.

यात स्वायत्त महाविद्यालयांची भर पडली आहे. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम स्वतः आखते, पेपर स्वतः काढते, निकाल स्वतः लावते. पदवीवर नाव मात्र विद्यापीठाचे. सांगलीचे वालचंद 2007 पासून स्वायत्त आहे. तिथल्या विद्यार्थ्याला शिवाजी विद्यापीठाचे नाव ठळकपणे भेटते ते पदवी प्रमाणपत्रावर. अशा ठिकाणी ‘मुंबई की पुणे’ हा प्रश्न जवळपास निकालात निघतो. निकाल वेळेवर लागणे हा स्वायत्ततेचा मोठा फायदा. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठात संगणकाधारित मूल्यांकनाचा घोळ होऊन निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढच्या शिक्षणाचे प्रवेश अडले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

रँकिंग बघावे का?

बघावे, पण ते कशाचे आहे हे समजून. केंद्राच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत 2024 मध्ये राज्य सार्वजनिक विद्यापीठांचा वेगळा गट पहिल्यांदाच आला. त्यात चेन्नईचे अण्णा विद्यापीठ पहिले, कोलकात्याचे जादवपूर दुसरे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ तिसरे होते. पुढच्याच वर्षी पुण्याचे स्थान घसरले. दोन्ही वेळा बातम्या झाल्या, दोन्ही वेळा पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत चर्चा झाली.

मात्र विद्यापीठाचा हा क्रमांक मुख्यतः त्याच्या स्वतःच्या विभागांचा असतो. गणेशखिंडीतले पदार्थविज्ञान विभागाचे संशोधन त्यात मोजले जाते. नाशिक रस्त्यावरच्या किंवा नगर जिल्ह्यातल्या संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळा त्यात येत नाहीत. त्यांनी क्रमवारीत वेगळा भाग घ्यायचा असतो. तेव्हा विद्यापीठ तिसरे आले म्हणून महाविद्यालय चांगले ठरत नाही, आणि घसरले म्हणून वाईटही नाही.

बीई आणि बीटेक यांतला फरकही असाच नावापुरता. मुंबई-पुण्याचे संलग्न महाविद्यालय बीई देते, लोणेरे बीटेक. नोकरीला, गेटला किंवा परदेशातल्या प्रवेशाला त्याने काही अडत नाही. ग्रेडचे टक्क्यांत रूपांतर करण्याचे सूत्र मात्र विद्यापीठागणिक वेगळे असते, आणि 60 टक्क्यांची अट घालणाऱ्या कंपन्यांच्या रांगेत उभे असताना ते माहीत असलेले बरे.

शुल्काचा हिशेब कुठे चुकतो?

‘विद्यापीठ’ हा शब्द पाटीवर असला की ते राज्य विद्यापीठच असेल असे नाही. गेल्या काही वर्षांत अनेक खासगी महाविद्यालयांनी स्वतःचे विद्यापीठ काढले आहे. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांचे प्रवेश आणि शुल्क वेगळ्या वाटेने ठरतात, आणि इथे मुलींचे मोठे नुकसान होऊ शकते. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची 100 टक्के सवलत मिळते. पण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा त्यात बसत नाही, खासगी विद्यापीठही बसत नाही. ‘तिथे लगेच सीट मिळतेय, आत्ताच पैसे भरा’ असा फोन आला की एवढे आठवावे.

शुल्क माफ झाले तरी खोली आणि खानावळ उरतेच. पुण्यात खोली आणि मेस मिळते, महाग पडते. मुंबईत खोलीचाच प्रश्न मोठा, म्हणून बदलापूर-विरारहून लोकलने येणारे विद्यार्थी खूप. रोजचे तीन-चार तास प्रवासात घालवून 80 गुणांच्या पेपरची तयारी करणे कसे असते, हे पर्याय अर्ज भरताना कुणी विचारत नाही.

अर्जात क्रम कसा लावायचा?

2025-26 मध्ये केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या चार झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप निश्चित होते, पुढे जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना हाच नियम. चौथ्यात जे मिळेल ते. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने येते, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची वाचावी.

याचा सरळ अर्थ, पहिले सहा पर्याय भावनेच्या भरात टाकता येत नाहीत. ‘मुंबईत नाहीच मिळणार, पण वर टाकून ठेवू’ असे म्हणून लिहिलेला पर्याय खरोखरच लागतो, आणि मग कोल्हापूरच्या घरी रात्री बैठक बसते. उलट, मिळणार नाही या भीतीने मनातला पर्याय खाली ढकलण्याचेही कारण नाही. वाटप गुणवत्तेने होते. वरचा पर्याय हुकल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क जात नाही.

आणि ‘पहिले वर्ष इथे काढू, मग विद्यापीठ बदलू’ हा घरोघरी ऐकू येणारा तोडगा कागदावर जितका सोपा दिसतो तितका नाही. दुसऱ्या वर्षी बदली मागायची तर तिकडे जागा रिकामी हवी, दोन्ही विद्यापीठांची संमती हवी आणि पहिल्या वर्षाचे विषय जुळायला हवेत. न जुळणारे विषय नव्या ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर पुन्हा देण्याची वेळ येऊ शकते.