ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

दुकानात जाऊन ग्राफिक्स कार्डाचा भाव विचारण्याआधी घरच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून पाहा. कोणतं कार्ड चालेल, हे बरंचसं तिथंच ठरतं.

पहिला प्रश्न विजेचा. मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट देतो. त्याहून जास्त लागत असतील तर कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधून वेगळी वायर हवी. ऑफिसातून निघालेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती बहुधा नसते. अशा मशीनला 70 वॅटचं, 6 जीबीचं आरटीएक्स 3050 बरं. चांगल्या कंपनीचा 450 वॅटचा एसएमपीएस असेल, तर 132 वॅटचं, 8 जीबीचं आरएक्स 6600 घ्या. ते बरंच ताकदवान आहे. कार्डाची लांबी मात्र कॅबिनेटमध्ये मोजून घ्या.

दुसरा प्रश्न मेमरीचा. नव्या मोठ्या गेमना 4 जीबी अपुरी पडते. 8 जीबी असेल तर कार्ड जास्त वर्षं साथ देतं.

तिसरा प्रश्न स्लॉटच्या पिढीचा. आरएक्स 6500 एक्सटी स्लॉटच्या फक्त चार लेन (डेटाचे मार्ग) वापरतं, म्हणून पीसीआय एक्सप्रेस 3.0 च्या जुन्या मदरबोर्डवर ते मंदावतं.

सेकंड हँड कार्ड स्वस्त पडतं. पण सप्टेंबर 2022 मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग थांबलं आणि दिवसरात्र राबलेली अनेक कार्डं बाजारात आली. त्यामुळे मूळ बिल आणि उरलेली वॉरंटी पाहा, समोर अर्धा तास गेम चालवून घ्या, मगच पैसे द्या. कष्टाच्या पैशांचं चीज व्हायला हवं.