घाटाचा चढ आणि वाऱ्यावर थंड होणारे इंजिन

या अंकात उसाऐवजी थोडे मोटारीविषयी. विषय वाटतो तितका परका नाही, शेवटी तो आपल्या उसापाशीच येतो.

बीटल म्हणजे फोक्सवॅगन कंपनीची गोल पाठीची, भुंग्यासारखी दिसणारी जुनी जर्मन मोटार. तिला रेडिएटरच नाही. इंजिन मागे, आणि ते थंड करायला पाणी नव्हे, वारा. पूर्वी खोपोलीहून बोरघाट चढणारी वाहने वाटेत थांबून रेडिएटरात पाणी भरून घेत. हिला ती भानगड नाही. म्हणून ही तापत नाही असे मात्र कोणी समजू नये. उलट, तापली तर पाण्याच्या गाडीसारखी वाफ दाखवून सांगत नाही, गुपचूप तापते.

शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत तयार झाली. याच कंपनीने २००९ साली आपल्या शेजारी चाकणला कारखाना सुरू केला खरा, पण तिथून निघालेल्या पोलो, व्हेंटो वगैरे गाड्या पाण्यावर थंड होणाऱ्या. तेव्हा ज्याच्या दारात जुनी बीटल आहे त्याने ती आपली आपणच सांभाळायची.

अशा मालकाला हटकून एक ध्यास लागतो, ताकद वाढवायचा. १२०० सी.सी.चे इंजिन, अश्वशक्ती सुमारे ३४. चार माणसे बसली की घाटात गाडी रडकुंडीला येते. त्यातून लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. हवा विरळ, शेकडा सहा-सात टक्के ताकद तिथेच गेली. मग मिस्त्री सांगतो, बोअर मोठा करा, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवा, दोन कार्बोरेटर लावा. ताकद वाढते, खोटे नाही. पण प्रत्येक उपायाने उष्णताही वाढते आणि पंखा तोच राहतो. जुन्याच केसमध्ये बसतील असे मोठे सिलिंडर घ्यावेत तर त्यांची भिंत पातळ होते, आणि पातळ भिंत तापून वाकडी होते.

आमचे मत असे की आधी गेलेली ताकद परत मिळवावी, वाढवायचे मग पाहावे. टॅपेटचे अंतर इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहावे. नंतरच्या बहुतेक बीटलना ते ०.१५ मिलिमीटर लागते. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबर शाबूत हवेत. एखादा पत्रा ‘काय करायचाय’ म्हणून काढून टाकला, की खालची तापलेली हवाच पुन्हा पंख्यात शिरते. जुन्या इंजिनांत ऑइल-कूलर वाऱ्याच्या वाटेतच उभा असतो, त्यामुळे तीन नंबरच्या सिलिंडरला गरम वारा मिळतो आणि तोच आधी जातो. पुढे कंपनीनेच कूलर बाजूला काढला. पैसा घालायचाच तर तो इकडे घालावा. ऑइल अवघे अडीच लिटर, आणि थंड करण्याचे बरेचसे काम त्याच्याकडे. तिथे काटकसर नको.

पंखा डायनामोच्याच दांड्यावर असतो, एकाच पट्ट्याने फिरतो. म्हणून चालत्या गाडीत डायनामोचा लाल दिवा लागला तर ‘बॅटरीचे बघू लोणावळ्यात’ म्हणून पुढे जाऊ नये. पट्टा तुटला असेल तर वाराच बंद झालेला असतो, आणि घाटात पिस्टन धरायला फार वेळ लागत नाही. मागे बायकापोरे, वर वळण, मागून ट्रक!

चढावर वरचा गिअर लावून इंजिन रेटत नेणे हीही तशीच चूक. इंजिन मंद तर पंखा मंद. खालचा गिअर, थोडे जास्त फेरे, म्हणजे वारा पोटभर मिळतो. बुलेटला पंखा नाही, धावण्याचाच वारा, म्हणून ती वाहतुकीत उभी राहिली की तापते. विहिरीवरच्या वाऱ्यावर थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाचेही तेच. फिनांत चिखल-पाचट साचले की सुरुवात झाली म्हणून समजा.

कायद्याचेही पाहावे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. चार घोडे वाढवण्याच्या नादात हा मान गमावण्यासारखी परिस्थिती आहे.

आता उसाची गोष्ट. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचे मिश्रण २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत गेले. त्यातला काही वाटा उसाचा, म्हणजे आपला. त्याचा आनंद आहेच. परंतु इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्बोरेटरवर मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापते. जुने रबरी पाइपही मऊ पडून गळतात, आणि बीटलमध्ये ते गरम इंजिनाजवळच असतात. इथेनॉल मिश्रणाला पेलणारे पाइप आधी घालून घ्यावेत. मग मेन जेट एक पायरी मोठा टाकून घाट चढावा आणि प्लग काढून पाहावा. टोक तपकिरी असेल तर ठीक, पांढरे पडले असेल तर जेट अजून लहान आहे.