नवा लेखक आणि त्याचें पहिलें पुस्तक

आपल्या बाजारपेठेंत कोणी नवें दुकान काढलें म्हणजे चार शेजारी पानसुपारीस जातात, दोन ओळखीचे पहिली भवानी करून देतात, आणि माल पुरविणारा पेढीवालाही आरंभींचे कांहीं महिने उधारीचा तगादा लावीत नाहीं. नव्या धंद्याला प्रथम हात द्यावा लागतो, हें व्यवहारज्ञान आपल्या हाडींमाशीं खिळलेलें आहे. परंतु त्याच पेठेंतील एखाद्या शिक्षकानें, शेतकऱ्याच्या मुलानें किंवा घर सांभाळणाऱ्या बाईनें चार वर्षें खपून एक पुस्तक लिहिलें, तर त्याची पहिली भवानी कोणी करावयाची, हा प्रश्न कोणाच्या मनांतही येत नाहीं. उलट 'आम्हांला एक प्रत भेट द्या बरें का' असें सांगून आपण त्याच्या मालांतला वांटा आधींच मागून ठेवतों. ही चाल किती घातक आहे, आणि ती सुधारण्यासाठीं लेखकानें, ग्रंथालयांनीं व विशेषतः कागलसारख्या गांवांनीं काय करावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

कागलचें नांव घेण्याचें कारण उघड आहे. ज्या घाटगे घराण्यांत १८७४ सालीं शाहू महाराजांचा जन्म झाला, त्या घराण्याची ही जहागीर. महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचें पाऊल उचललें. त्यानंतर अठरा वर्षांनीं, म्हणजे १९३५ सालीं, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या एका कागलकर कुटुंबांत आनंद यादव जन्मले. शाळेंत जाण्यासाठीं या मुलाला घराशीं, मळ्याशीं आणि दारिद्र्याशीं जी कुस्ती खेळावी लागली, ती त्यांनीं पुढें 'झोंबी' या ग्रंथांत सांगितली. त्या ग्रंथाला पु. ल. देशपांडे यांनीं प्रस्तावना लिहिली, आणि १९९० सालीं साहित्य अकादमीनें त्याचा गौरव केला. हें सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि कागलकरांना त्याचा अभिमानही आहे.

परंतु या अभिमानाच्या भरांत एक हिशेब विसरला जातो. 'झोंबी' प्रसिद्ध झाली ती १९८७ सालीं. यादवांचें पहिलें पुस्तक 'हिरवे जग' हा कवितासंग्रह, आणि तो निघाला १९६० सालीं. मध्यें २७ वर्षें गेलीं. त्या अवधींत १९६५ चें 'मातीखालची माती', १९६७ चा 'खळाळ' हा कथासंग्रह, १९७१ ची 'गोतावळा' आणि १९८० ची 'नटरंग' अशीं पुस्तकें एकामागून एक आलीं. 'गोतावळा' तर एका शेतगड्याच्या तोंडून, मळ्यांतल्याच बोलींत सांगितलेली कादंबरी. ही बोली ग्रंथांत शोभेल काय, असा प्रश्न ज्या काळीं विद्वानांस पडत असे, त्या काळीं ती छापली गेली आणि शोभली. व्यापारी वाचकांनीं येथें लक्ष द्यावें: ज्यानें १९६० सालीं त्या अपरिचित कवीच्या संग्रहाची प्रत विकत घेतली, त्याला १९९० चा पुरस्कार दिसत नव्हता. त्यानें एक प्रत घेतली एवढेंच. पहिल्या पुस्तकावर घातलेला पैसा हा पेरणीचा पैसा आहे. जो शेतकरी पेरणीच्या वेळीं पीक पाहून मगच बियाणें घेईन म्हणतो, त्याला आपण शहाणा म्हणत नाहीं.

पेरलेलें सगळेंच उगवत नाहीं, हें खरें. पण न पेरलेलें कधींच उगवत नाहीं. आमच्या भाषेच्या इतिहासांत न पेरल्याचीं उदाहरणें दुःखदायक आहेत. जोतीराव फुले यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक १८५५ सालीं लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलें. कमिटीनें त्याला आश्रय दिला नाहीं, आणि तें छापून निघालें १९७९ सालीं! एका लिहिलेल्या नाटकाला छापखान्याची पायरी चढण्यास १२४ वर्षें लागलीं. ताराबाई शिंदे यांचें 'स्त्री-पुरुष तुलना' हें पुस्तक १८८२ सालीं पुण्यास छापलें गेलें खरें. पण छापून होतांच तें असें विस्मृतींत गेलें, कीं स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुन्हां उजेडांत आणीपर्यंत त्याचें नांवही बहुतेकांस ठाऊक नव्हतें. त्या बाईंनीं दुसरें पुस्तक लिहिलें नाहीं. पहिल्या उदाहरणांत छापणारा मिळाला नाहीं. दुसऱ्यांत छापूनही वाचणारा मिळाला नाहीं. नव्या लेखकाच्या मार्गांत आजही हेच दोन धोंडे आहेत, आणि ज्याचें घराणें, जात, गांव किंवा बोली आधींपासून ग्रंथांत वावरत आलेली नाहीं, त्याला ते दुप्पट जड होतात. याच्या उलट १९८० सालीं 'ग्रंथाली'नें लक्ष्मण माने यांचें 'उपरा' छापलें. लेखकाचें तें पहिलेंच पुस्तक. लेखक कैकाडी समाजांतला. आणि दुसऱ्याच वर्षीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'चीही हकीकत तशीच: प्रकाशन १९८७, पुरस्कार १९८८. दार उघडलें तर कोण आंत येतें, याचा यापेक्षां स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आतां व्यवहाराकडे वळूं. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च आधीं रोख करावा लागतो, आणि विक्रीचा पैसा मागाहून, तोही विक्रेत्याचें कमिशन वजा जातां, थेंबाथेंबानें येतो. अनोळखी नांवावर ही जोखीम घेण्यास प्रकाशक कचरतो, यांत त्याचा सर्वस्वीं दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या अडचणींतून एक निराळाच धंदा उभा राहिला आहे. लेखकाकडूनच खर्चाची रक्कम घ्यावयाची, पुस्तकावर प्रकाशक म्हणून आपलें नांव घालावयाचें, आणि मानधनाचें आश्वासन तोंडीं द्यावयाचें, असा हा प्रकार. समजा, ५०० प्रतींसाठीं लेखकानें ५०,००० रुपये भरले, किंमत २०० रुपये ठेवली आणि मानधन शेंकडा १० ठरलें. सगळ्या प्रती खपल्या तरी लेखकाच्या हातीं १०,००० रुपये येणार. उरलेले ४०,००० गेले ते गेलेच. भांडवल लेखकाचें, जोखीम लेखकाची, आणि गल्ला मात्र दुसऱ्याचा! मिरचीच्या किंवा गुळाच्या व्यापारांत असा सौदा कोणी करील काय? पण बायकोचा दागिना मोडून असा सौदा करणारे लेखक आपल्या जिल्ह्यांतही आहेत, कारण छापील नांवाचा मोह मोठा असतो आणि कायद्याचें ज्ञान थोडें.

म्हणून कायदा काय म्हणतो तें स्पष्ट सांगणें अवश्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट ॲक्टाप्रमाणें ग्रंथाचा हक्क मुळांत लेखकाचा असतो, आणि तो लेखकाच्या हयातींत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. त्यासाठीं नोंदणी सक्तीची नाहीं. नोंदणी केल्यास तंट्याच्या वेळीं पुराव्यास उपयोग होतो इतकेंच. हा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर कलम १९ प्रमाणें लेखी व सहीचा करार लागतो. तोंडीं बोलण्यानें हक्क जात नाहीं. करारांत कोणते हक्क दिले, किती वर्षांसाठीं, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मानधनावर, हें नमूद असावें लागतें. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची धरली जाते; प्रदेश लिहिला नसेल तर हिंदुस्थानापुरताच समजला जातो. हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर स्वस्थ बसला, तर करारांत उलट कांहीं लिहिलें नसल्यास ते हक्क लेखकाकडे परत येतात. आणि कलम ५७ असें आहे, कीं हक्क विकल्यावरही ग्रंथ आपला आहे हें सांगण्याचा, व आपल्या लौकिकास बाध येईल अशी त्याची मोडतोड थांबविण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. एवढीं चार कलमें जरी नव्या लेखकानें सहीपूर्वीं वाचलीं, तरी अर्धे तंटे जन्मासच येणार नाहींत. खर्च स्वतः केला असेल तर किती प्रती छापल्या, किती खपल्या, किती शिल्लक आहेत, याचा हिशेब सहामाहीस मिळेल अशी अट त्यानें अवश्य घालावी. आणखी एक गोष्ट: पुस्तकास जो आयएसबीएन क्रमांक लागतो, तो आपल्या देशांत राजा राममोहन रॉय यांच्या नांवाच्या सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याच्या नांवाखालीं कोणी रक्कम मागत असेल, तर ती कशाची, हें विचारण्याचा लेखकास पूर्ण अधिकार आहे.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असेंही नाहीं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळ १९६० सालीं, लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं, स्थापन झालें. या मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देण्याची योजना आहे. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनासाठीं स्वतंत्र पारितोषिकें ठेवलेलीं आहेत. त्यांत काव्याचें पारितोषिक बहिणाबाई चौधरी यांच्या नांवाचें आहे. हें नांव योग्यच म्हटलें पाहिजे, कारण त्या माउलीचें पहिलें पुस्तक तिच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, निघालें. परंतु अशी योजना आहे हें किती खेडेगांवच्या लेखकांस ठाऊक आहे? प्रत्येक ग्रंथालयानें तिची माहिती व अर्जाची रीत आपल्या फळ्यावर लावली, तर त्यास खडूपलीकडे खर्च येणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल, 'आधींच रद्दी पुष्कळ छापली जाते; तीत आणखी भर कशास?' हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. मागणीपुरत्या थोड्या प्रती छापण्याचीं यंत्रें आलीं आणि छापणें सोपें झालें. लिहिणें मात्र पूर्वींइतकेंच कठीण राहिलें. म्हणून लेखकासही आमचें सांगणें आहे, कीं त्यानें घाई करूं नये. आपलें लेखन प्रथम मासिकांकडे, दिवाळी अंकांकडे पाठवावें. नकार आला तर त्याचें कारण शोधावें. संपादकाची लेखणी आपल्या मजकुरावर फिरली तर तो अपमान समजूं नये. स्तुति करणारे दहा मित्र मिळवण्यापेक्षां चुका दाखविणारा एक वाचक मिळवावा. परंतु रद्दी फार निघते म्हणून सगळ्यांनाच दार बंद करावें, हा न्याय नव्हे. निवड हवी, ती खिशाच्या वजनावर न होतां गुणावर व्हावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

अशी निवड आणि असा आश्रय गांवोगांवीं देतां येईल. वाचकांनीं आगाऊ वर्गणी भरून ग्रंथ छापविण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाहीं. १९७५ पासून 'ग्रंथाली'नें वाचकांची चळवळ म्हणून तोच मार्ग मोठ्या प्रमाणावर चालविला. कागलांत दोनशें घरांनीं वर्षाकांठीं प्रत्येकीं दोनशें रुपये बाजूस काढले, तर ४०,००० रुपये जमतात. एवढ्या आगाऊ मागणीवर एक चांगलें पहिलें पुस्तक, लेखकाच्या पदरास खार न लावतां, निघूं शकेल, आणि प्रत्येक घरीं एक प्रतही येईल. कोणतें पुस्तक घ्यावयाचें हें ठरविण्यास गांवांतील दोन जाणते शिक्षक, एक ग्रंथपाल आणि एक स्पष्टवक्ती गृहिणी अशी मंडळी नेमावी; तिला 'नको' म्हणण्याचें पूर्ण स्वातंत्र्य असावें, आणि नकाराचीं कारणें लेखकास लेखी कळवावींत. रक्कम ग्रंथालयाच्या खात्यांत ठेवून तिचा जमाखर्च वर्षअखेर सर्वांस दाखवावा.

ग्रंथालयांची जबाबदारी तर याहून मोठी आहे. कोल्हापुरांत करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभें आहे. करवीर संस्थानानें सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९४५ सालीं केला; मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनीं, आणि महाराष्ट्राचा तर १९६७ सालीं झाला. ज्या मुलखानें या कामीं इतरांस वाट दाखविली, त्या मुलखांतील ग्रंथालयांनीं आपल्या खरेदीचा ठराविक भाग जिल्ह्यांतील पहिल्या पुस्तकांसाठीं राखून ठेवावा, ही मागणी अवास्तव नाहीं. एकेका ग्रंथालयाची एकच प्रत. पण जिल्ह्यांतलीं सर्व ग्रंथालयें मिळून एका आवृत्तीचा मोठा भाग उचलूं शकतील.

गांवचा जोगी जोगडा आणि परगांवचा सिद्ध, ही म्हण आपण हंसून उच्चारतों आणि तिच्याप्रमाणेंच वागतों. परदेशी कापडापेक्षां स्वदेशी कापड घ्यावें हें आपल्या आजोबांनीं आपणांस शिकविलें. गांवच्या कोष्ट्याचा माग बंद पडला तर स्वदेशी कोठून येणार, हेंही त्यांना कळत होतें. स्वभाषेचीही गोष्ट तीच आहे. मराठीच्या नांवानें सभा भरवावयाच्या, ठराव करावयाचे, आणि शेजारच्या आळींत मराठींत लिहिणाऱ्याची प्रत मात्र फुकट मागावयाची, हें भाषेचें प्रेम नव्हे. शाहू महाराजांनीं रयतेच्या मुलांस वाचावयास शिकविण्याची सोय केली. त्या मुलांचीं नातवंडें आज लिहूं लागलीं आहेत. त्यांचें लिहिलेलें विकत घेण्यास कोणत्याही हुकमाची गरज नाहीं. गांवांत पुढचें पहिलें पुस्तक निघेल, त्या दिवशीं खिशांत हात घालून रास्त किंमत मोजली म्हणजे पुरे.