आधी मॅन्युअल, मग पाना!

देऊळगाव राजात पहाटे फिरायला निघायचं तर अंधार आणि मोकाट कुत्री. आईचं फिरणं त्यापायीच सुटलं. म्हणून जालन्याहून सेकंडहँड एलिप्टिकल मशीन आणलं आणि जोडायला मी बसलो. डाव्या पेडलचा बोल्ट नेहमीसारखा उजवीकडे पिळला, जोर लावला, अन् आटेच गेले! सायकलच्या डाव्या पेडलला असतात तसे इथेही आटे उलटे होते. तेव्हा 'एल', 'आर' बघा, बोल्ट आधी हाताने बसवा, पाना शेवटी. मशीन डगमगलं तर खालचे पाय फिरवून लेव्हल करा. आमची शहाबादी फरशी कुठे सपाट असते?

गंमत म्हणजे लाइट गेली तरी हे चालतं. ट्रेडमिलला मोटर लागते. इथे जड चाकाजवळ चुंबक सरकवला की भार वाढतो, डिस्प्लेला सेल पुरतात. पाय पेडलवरून सुटत नाहीत, त्यामुळे गुडघ्याला धक्का कमी. बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग ठेवा. डिस्प्लेवरच्या कॅलरी मात्र मनावर घेऊ नका, तो नुसता अंदाज.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आई सध्या साठवर आहे, सीरियल बघत बघत.